लाल अक्षरं, हिरवी पत्रिका आणि ‘कां’वरचा अनुस्वार

बडोद्यातल्या एका लग्नाची पत्रिका केली. पैठणीच्या काठासारखा गडद हिरवा रंग, त्यावर लाल अक्षरं. छापून बरी आली. व्हॉट्सॲपवर मात्र अक्षरांच्या कडा तपकिरी झाल्या आणि ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’चा अनुस्वार पुसला गेला. मुलीच्या नावाआधीच शुद्धलेखनाची चूक दिसावी, हे कुणाला चालेल?

आधी रिझोल्यूशन तपासलं. ५ × ७ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १५०० × २१०० पिक्सेल. ३०० डीपीआयचा एक ठिपका ०.०८५ मिमीचा; ६/६ नजरेला ३० सेंमीवरून जेमतेम एवढंच वेगळं दिसतं. तिथे काही कमी नव्हतं.

दोष रंगांच्या जोडीत होता. बारकावा आपण उजेड-अंधाराच्या फरकातून टिपतो. रंगाच्या बाबतीत डोळा बराच ढोबळ आहे. निळ्याला दाद देणारे शंकू (डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी) तर मोजकेच, आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूत जवळपास नसतातच. जेपेग, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा फाइलचा प्रकार, याचाच फायदा घेतं. उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा ठेवतं, पण ४:२:० पद्धतीत रंग चार पिक्सेलना मिळून एकच. फोटोत हे कळत नाही. बारीक अक्षरांत लगेच कळतं.

उजळपणाचं सूत्र: ०.२९९ लाल + ०.५८७ हिरवा + ०.११४ निळा. हे गुणक १९५३च्या अमेरिकन रंगीत टीव्हीपासून चालत आलेत. कंसात लाल, हिरवा, निळा अशा क्रमाने ० ते २५५ मधली मापं: माझा लाल (२००, ०, ०) आणि हिरवा (०, १०२, ०), दोघांचंही उत्तर ६०! म्हणजे उजळपणाच्या थरात अक्षरं नव्हतीच. सगळा भार रंगावर, आणि तोच थर निम्म्या रुंदी-उंचीचा. मोबाइलसाठी चित्र निम्मं झालं की आठ पॉइंटच्या अक्षराचा अनुस्वार दोन-तीन पिक्सेलचा उरतो. तो शेजारच्या हिरव्यात मिसळून तपकिरी होतो.

अक्षरं हळदीच्या पिवळ्यात (२५५, २०४, ०) घेतली. त्याचा उजळपणा १९६, हिरव्याच्या तिप्पट. लालच हवा असा घरच्यांचा आग्रह असेल तर मागची जमीन फिकी करावी, (२००, २३०, १९०) असा हिरवा चालतो. लाल अक्षराला तीन पिक्सेलची पिवळी किनार दिली तरी निभतं, पण आठ पॉइंटला ती आतली पोकळी भरून टाकते. ते मी मोठ्या नावांपुरतंच ठेवतो.

आता पत्रिका पाठवण्याआधी तिची प्रत करड्या छटांत बदलून बघतो. करड्यात वाचता आली नाही तर रंग बदलायचे, फाइलशी झटापट करायची नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो, त्यांचीही सोय यातच होते. मग जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून जेपेग काढताना सबसॅम्पलिंग ४:४:४ ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंगही टिकतो, किंवा सरळ पीएनजी, ज्यात काहीच गळत नाही. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडायचं. फोटो म्हणून टाकलं की व्हॉट्सॲप ती पुन्हा दाबतं आणि ४:४:४ वाया जातं. तरी कुणी ना कुणी ती फोटो म्हणून पुढे ढकलतंच, म्हणून एक प्रत स्वतःलाच तशी पाठवून ४०० टक्के मोठी करतो आणि आधी ‘कां’ बघतो.