'माझा चित्रकार': मेळाव्यातली ती दहा मिनिटं

आमच्या ठाण्यातल्या रविवारच्या स्केचिंग ग्रुपचा मेळावा दर जानेवारीत असतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ, बक्षिसं सगळं रीतसर होतं, त्यावर काय लिहायचं. मला लिहायचंय ते 'माझा चित्रकार' बद्दल. एका सभासदाने उठायचं, स्वतःचं एक चित्र सोबत आणायचं, आणि ज्याच्यामुळे आपला हात चालतो अशा एका चित्रकारावर दहा मिनिटं बोलायचं. नियम एकच, तो चित्रकार हयात पाहिजे.

हा नियम आमच्या ड्रॉइंगच्या सरांचा, ज्यांनी आमच्यातल्या निम्म्या लोकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. आधी सगळे थोर दिवंगतांवरच बोलायचे, जन्म अमुक साली, मृत्यू तमुक साली, आणि टाळ्या. सर म्हणाले, जो आज सकाळी पण कागदासमोर बसला असेल त्याच्यावर बोला. थोडी कुरकुर झाली पण भाषणांचा सूरच बदलला.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढणाऱ्या आमच्या एक ताई आहेत, त्या सुधीर पटवर्धनांवर बोलल्या. पटवर्धन १९७५ पासून २००५ पर्यंत इथे ठाण्यातच रेडिओलॉजिस्ट होते, आणि ते काम करता करताच चित्रं काढत होते, तेही मुख्यतः स्वतःच शिकून. २०१९ ला मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, ताई ड्युटी बदलून घेऊन गेल्या. म्हणाल्या, आपल्या रोजच्या रस्त्यावरची माणसं, लोकलची गर्दी, अर्धवट बांधलेल्या इमारती एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर बघून वाटलं की आपल्या बाकावर नंबर लावून बसलेल्या माणसांकडे मी कधी नीट बघितलंच नाही. मग वही उघडली. डबा सांभाळत बसलेल्या नातेवाईकांची स्केचेस, पेनाने, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलेली. माणूस चित्रकाराबद्दल बोलता बोलता स्वतःच्या चित्राकडे वळतो आणि आवाज बदलतो, त्यासाठी मी हे सगळं करतो, दरवर्षी तिथेच माझा गळा दाटून येतो.

वीज मंडळातून रिटायर झालेल्या काकांनी मिलिंद मुळीकांवर बोलताना स्टेजवरच कागद ओला केला. मुळीक मूळचे इंजिनिअर, पुण्याच्या सीओईपीचे, आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची त्यांची जलरंगाची पुस्तकं आमच्या ग्रुपमध्ये इतकी फिरलीत की पानं सुटलीत. काकांनी पातळ रंगाचा एक वॉश मारला, पावसातल्या रस्त्यावरच्या उजेडासाठी कागद कोरा सोडला आणि ब्रश खाली ठेवला. पूर्वी मी तिथे पण रंग भरायचो, एवढंच बोलले. खरंतर भाषण असं झालंच नाही, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना.

आणि आमचे दुकानांच्या पाट्या रंगवणारे दादा. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम गेलं, ब्रश माळ्यावर टाकले होते. सुलेखनकार अच्युत पालवांची मुक्तलिपी, म्हणजे मोडी आणि देवनागरी यांच्या मेळातून आलेली अक्षरं, एका प्रात्यक्षिकात बघितली आणि घरी जाऊन ब्रश धुवायला घेतले. २०२५ ला पालवांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा दादांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले, घरचं कार्य असल्यासारखे. तेव्हापासून मेळाव्याचा बॅनर फ्लेक्सचा नसतो, दादा मांजरपाटावर हाताने लिहितात. ठाण्यात असा बॅनर दुसऱ्या कुणाचा असेल तर मला दाखवा.

एक गोष्ट मात्र मनाला लागते ती लिहितोच. बक्षिसं झाली की पालक मुलांना घेऊन निघतात, चहा झाला की बरेच जुने सभासद पण निघतात, आणि 'माझा चित्रकार' मात्र मागच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो. बोलणारा महिनाभर तयारी करून आलेला असतो हो, तीही पहिल्यांदाच माईक हातात धरणारी माणसं असतात.

मदत करणाऱ्यांची नावं इथे देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, पण कुणी राहायला नको. हॉलची किल्ली सांभाळणारे काका, पॅनेलवर ज्यूट ठोकणारी तिघं पोरं, क्लिपा आणि सुतळी आठवणीने आणणारी कॉलेजची मुलगी, साउंडवाला दादा, रांगोळीवाल्या दोन्ही काकू, चहा-पोह्यांच्या मावशी आणि त्यांची सून, फ्रेमिंगमध्ये सवलत देणारे दुकानदार, सरांना रिक्षाने आणणारा-सोडणारा त्यांचा विद्यार्थी, फोटो काढणारे भाऊ, आणि हो, शेवटी थांबून हॉल झाडणारे वॉचमनदादा, गेल्या वेळी आभारात ते राहिले होते.

यंदा पोर्ट्रेट करणाऱ्या एका मुलीने वासुदेव कामतांचं नाव दिलंय. त्यांच्या पत्नीच्या पोर्ट्रेटला २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकाचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं होतं, त्यावरून तिने स्वतःच्या आईला रोज संध्याकाळी समोर बसवायला सुरुवात केलीये, आणि आई पण येणार आहे. अजून दोन जागा आहेत, नावं डिसेंबरच्या आत द्या. चहा यावेळी 'माझा चित्रकार' झाल्यावर ठेवलाय.