तवंग काढल्यावर उरलेलं पाणी

लातूर भागात सोयाबीन तेलाचे बरेच कारखाने आहेत. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी त्यातल्याच एका रिफायनरीचं सांडपाणी तपासायचं मी ठरवलं. परवानगीला हेलपाटे झाले. कारखान्याचं नाव कुठेही येणार नाही, असं लिहून दिल्यावर गेट उघडलं.

ईटीपीवरच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवरच्या ऑपरेटर काकांनी ऑइल ट्रॅप दाखवला. "वरचा तवंग काढला की झालं पाणी साफ, ताई." दिसायलाही तसंच होतं, आणि मला नेमकं तेच पाणी हवं होतं. तेलातला डिंक काढायला फॉस्फोरिक ॲसिड, आम्लता मारायला कॉस्टिक सोडा आणि त्यातून निघालेला सोप स्टॉक, म्हणजे साबणाचा चोथा, फोडायला सल्फ्युरिक ॲसिड वापरतात. ॲसिड ऑइल वर येतं, ते विकलं जातं. खालच्या पाण्यात फॉस्फेट, सल्फेट, ग्लिसरॉल विरघळलेलं राहतं. ते कुठल्या जाळीत अडकणार?

2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात नाल्याला मोटर लावून शेत भिजवणारे असतातच, म्हणून मला हे पाणी मोजायचं होतं.

तेल मोजायचा पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत घेतला आणि जागेवरच सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच 2 च्या खाली आणला. साबण होऊन पाण्यात दडलेलं फॅटी ॲसिड त्यामुळेच सुटं होतं आणि हेक्झेन या द्रावकात उतरतं. सल्फेटची बाटली अर्थातच वेगळी, बिनॲसिडची. सेपरेटिंग फनेल हलवलं की मधे दुधट थर बसायचा, काही केल्या हटायचा नाही. मीठ टाकलं तेव्हा तो फुटला.

खरी गोष्ट सीओडीत, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्या मोजणीत, कळली. गाळलेलं पाणी डायक्रोमेटसोबत 150 अंशांवर उकळायला ठेवलं आणि नारिंगी रंग बघता बघता हिरवा पडला. म्हणजे होतं नव्हतं तेवढं डायक्रोमेट संपलं होतं. नमुना भरपूर पातळ केला, तेव्हा कुठे टायट्रेशनमध्ये निळसर हिरव्यावरून तांबूस रंगावर नीट उडी मिळाली. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. इथे तवंग काढून, गाळूनही आकडा हजारांत होता.

फॉस्फेटची काचेची भांडी मी साबणाने धुतलीच नाहीत, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतली. धुण्याच्या पावडरीतही फॉस्फेट असू शकतं आणि फॉस्फेट मोजायच्या मॉलिब्डेट चाचणीचा निळा रंग उगाच गडद येतो.

शेवटी बीकरमध्ये चुना घालून पाहिला. फॉस्फेट गाळ होऊन तळाशी बसलं, सीओडी मात्र जेमतेम हलला. ग्लिसरॉल चुन्याला दाद देत नाही, ते खायला जिवाणूच लागतात. कारखान्याच्या केमिस्ट सरांपुढे आकडे ठेवले आणि ट्रॅपच्या पुढे या जिवाणूंसाठी हवा सोडणारी टाकी हवीच, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी चुन्याचं प्रमाण आणि गाळ किती निघाला, हे वहीत उतरवून घेतलं.