क्लच, थ्रॉटल आणि पहिले साठ फूट

505 हॉर्सपॉवर ऐकलं की लोकांना वाटतं, काय नाय, पाय दाबला की गाडी सुटली! कॉर्व्हेट झी06 घ्या, 2006 ते 2013 वाली, 7 लिटरचं इंजिन, फक्त 6 स्पीड मॅन्युअल, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या रेसच्या ट्रॅकवर, मीटरवरच्या लाल पट्टीच्या जवळ आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) नेऊन क्लच धाडकन सोडलात तर मागचे टायर जागेवरच धूर काढत बसतात आणि शेजारची साधीसुधी गाडी टाटा करून जाते.

साध्या रोड टायरवर असाल तर बर्नआउटच्या (टायर जागेवर फिरवून तापवायच्या) पाण्यात जाऊच नका, बाजूने वळसा घाला, नाहीतर खाचांत पाणी घेऊन थेट लाइनवर याल. मग स्टेज व्हायचं, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावायची, आरपीएम दोनेक हजारावर धरायचे आणि क्लच जिथे पकडायला लागतो तिथे तो क्षणभर घसरू द्यायचा, तोवर उजवा पाय हळूहळू खाली, आणि मागून बूड जरा हललं की किंचित ढिला, पण पूर्ण उचलायचा नाही हां, उचललात की गाडी आचके देते. क्लचचा थोडा वास येणारच, घाबरू नका.

बरं, हिरव्या दिव्याचं फार टेन्शन घेऊ नका, टायमर तुमची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशाच्या बीममधून हलल्यावर सुरू होतो. रेस जिंकायची असेल तर गोष्ट वेगळी, पण टाइम काढायचा असेल तर निवांत सुटा. पहिल्या गियरातच 60 मैलांचा स्पीड येतो, त्यामुळे शिफ्टची घाई तर अजिबातच नको.