मोचिउजीच्या शोधात कामाकुरा

जोम्यो-जीच्या थांब्यावर बसमधून उतरून कानाझावाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने मी थोडे पूर्वेला चालत गेलो, तेव्हा घरांच्या रांगेलगत एक कोरीव शिळा उभी दिसली. जपानमधील कामाकुराच्या कुबोंचा, म्हणजे शोगुनांच्या वतीने पूर्वेचा मुलूख सांभाळणाऱ्या आशिकागा शाखेच्या प्रमुखांचा, वाडा येथे होता, असे ती सांगते. वाड्याचा एक चिराही आज दृष्टीस पडत नाही. १४५५ मध्ये कुबो शिगेउजी कोगा येथे गेला आणि ही जागा ओसाड पडली. पण कुबो परत येतील तेव्हा त्यांना राहायला जागा हवी, म्हणून गावकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या नांगराखाली आणली नाही, अशी आठवण एदो काळातील स्थलवर्णनात नोंदलेली आहे. ती वाचल्यापासून मला या घराण्याचा, विशेषतः शिगेउजीचा पिता आशिकागा मोचिउजी याचा, माग काढायचा होता.

आशिकागा घराण्यातील शोगुनांची, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशांची, गादी क्योतोत होती. तेथून पूर्वेकडच्या योद्ध्यांचा मुलूख आवरणे कठीण, हे ओळखून पहिला आशिकागा शोगुन ताकाउजी याने १३४९ मध्ये आपला मुलगा मोतोउजी याला कामाकुराला पाठवले, आणि पूर्वेकडच्या कांतो भागाचे आठ प्रांत, शिवाय इझु आणि काई, या शाखेच्या हाती आले. कुबोच्या हाताखाली उएसुगी घराण्यातील कारभारी असे. त्याला कानरेई म्हणत. त्याची नेमणूक मात्र क्योतोतून होई. धनी एक आणि नेमणारा दुसरा, अशा या पदावरच्या माणसाची पुढे काय ओढाताण झाली असेल, याचा विचार त्या दिवशी माझ्या मनातून जात नव्हता.

१४२८ मध्ये शोगुन योशिमोची वारस न नेमता वारला. मोचिउजी त्याच रक्ताचा होता आणि शोगुनपदाची आशा धरून होता. क्योतोतील सरदारांनी मात्र इवाशिमिझु हाचिमानच्या देवळात चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतला आणि योशिमोचीच्या भिक्षू झालेल्या चार भावांतून योशिनोरीची निवड झाली. मोचिउजीने हा कौल मनापासून कधीच मानला नाही. १४२९ मध्ये दरबाराने एइक्यो हा नवा शक सुरू केला, तरी कामाकुराच्या कागदांवर काही काळ जुन्याच शकाचे नाव चालत राहिले. तलवार उपसण्याआधीचा हा विरोध क्योतोत सर्वांना समजला असणार.

दुपारी त्सुरुगाओका हाचिमान-गूच्या पायऱ्या चढलो. मोचिउजीने १४३४ मध्ये या देवळाला अर्पण केलेला नवसाचा लेख अजून जतन केलेला आहे, आणि त्याच्या शाईत त्याने स्वतःचे रक्त मिसळले होते, अशी परंपरा आहे. वैऱ्याचे संकट उगवण्याआधीच टळावे आणि कांतोचा भार कोटी कोटी वर्षे आपल्याकडे राहावा, असे मागणे त्यात आहे. इतिहासात त्याच्यावर बंडखोर हा शिक्का बसला. मला मात्र या लेखात आपला मुलूख ही देवाने सोपवलेली ठेव मानणारा हट्टी, घाबरलेला आणि तितकाच प्रामाणिक माणूस दिसतो.

याच देवळात १४३८ मध्ये त्याने थोरल्या मुलाचा वयात येण्याचा संस्कार केला. शोगुनाच्या नावातील एक अक्षर त्याच्या परवानगीने मागून घेण्याची रीत होती. ती मोडून शोगुन घराण्याचेच ‘योशि’ हे अक्षर घेत त्याने मुलाचे नाव योशिहिसा ठेवले. कानरेई उएसुगी नोरिझाने याने अनेकदा समजावले होते, पण आता जिवाला धोका दिसू लागल्याने तो कोझुके प्रांतात निघून गेला. मोचिउजी त्याच्यावर चालून निघाला आणि योशिनोरीला निमित्त मिळाले. सम्राटाचा आदेश मिळवून त्याने फौजा पाठवल्या. कामाकुराच्या रक्षणासाठी ठेवलेला मिउरा तोकिताकाही उलटला. मोचिउजीने शरण येऊन मुंडन केले आणि तो योआन-जी या मठात राहिला.

झुइसेन-जीकडे जाताना त्या मठाच्या जागी आज केवळ खुणेची शिळा आहे. धन्याला जीवदान मिळावे म्हणून नोरिझानेने शोगुनाला पुन्हा पुन्हा विनवले. योशिनोरीने ऐकले नाही, आणि १४३९ मध्ये नोरिझानेच्याच सैन्याला या मठावर चालून जावे लागले. मोचिउजीने येथे प्राण दिला. योशिहिसाने होकोकु-जीत आत्महत्या केली. तेथील वेळूचे बन पाहायला आलेल्या गर्दीत मी उभा होतो, पण त्या मुलाशिवाय दुसरे काही सुचेना. मोचिउजीच्या दोन धाकट्या मुलांना १४४१ मध्ये मिनो प्रांतातील तारुई येथे मारण्यात आले, आणि त्याच वर्षी योशिनोरीचाही एका सरदाराच्या वाड्यात खून झाला.

नोरिझाने जगला. आशिकागा येथील विद्यापीठ ज्याने पुन्हा उभे केले, तो हा विद्वान कारभारी स्वतःला क्षमा करू शकला नाही. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, मग भिक्षू होऊन तो पश्चिमेकडे गेला आणि १४६६ मध्ये नागातो प्रांतात वारला. या सगळ्या कहाणीत माझे मन सर्वांत जास्त त्याच्यापाशी अडकते.

संध्याकाळी ओमाचीतील बेत्सुगान-जीला पोहोचलो. मोचिउजीचे स्मारक म्हणून दाखवला जाणारा, माणसाहून उंच दगडी स्तूप तेथे आहे, आणि त्याच्या चारही बाजूंना तोरीची, म्हणजे शिंतो देवळाच्या प्रवेशद्वाराची, कमान कोरलेली आहे. एप्रिल संपत आला होता. अंगणातील विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबत होते. मी चारही कमानी फिरून पाहिल्या आणि बंद होण्याच्या वेळेपर्यंत तेथेच थांबलो.