‘जखम बघितली’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

नर्सने जखम नुसती नजरेखालून घातली असेल तर ‘लुक्ड ॲट’. स्वच्छ करून ड्रेसिंग बदललं असेल तर ‘सॉ टू’. आणि पेशंटला घरी गेल्यावर रोज जखमेची निगा राखायला सांगायचं असेल तर ‘लुक आफ्टर’. मराठीत तिन्ही वेळा ‘बघ’ म्हणून भागतं, कारण बाकीचं ऐकणारा समजून घेतो. परक्या देशातल्या वॉर्डात समोरचा माणूस तसं समजून घेईलच असं नाही.

मी मिरजेत संध्याकाळी नर्सिंग झालेल्या मुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेकींना ब्रिटनला जायचंय आणि त्यासाठी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायची आहे. त्या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. हातात कार्ड येतं, तयारीला तीन मिनिटं मिळतात आणि मग साधारण पाच मिनिटं ‘पेशंट’शी किंवा त्याच्या नातेवाइकाशी बोलायचं असतं. औषधांची नावं, आजारांची नावं यांत या मुली कुठेच अडत नाहीत. अडतात त्या बघण्यात.

पहिली अडचण ‘लुक’चीच. आपण ‘रिपोर्ट बघ’ म्हणतो, मध्ये काही लागत नाही. म्हणून तोंडात ‘लुक द रिपोर्ट’ येतं. पण ‘लुक’ म्हणजे फक्त नजर वळवणं. ती कशावर जाऊन टेकली हे ‘ॲट’ सांगतो. ‘सी’ला त्याची गरज नाही, कारण ‘सी’ बरंचसं आपल्या ‘दिसणे’सारखं आहे, वस्तू आपणहून डोळ्यांपर्यंत आलेली असते. ‘वॉच’लाही नाही. हलत्या, बदलत्या गोष्टीवर लक्ष ठेवायचं तिथे ‘वॉच’, म्हणून मॉनिटर ‘वॉच’ करायचा आणि एक्स-रेकडे ‘लुक ॲट’.

गाईडांमध्ये क्रियापद आणि त्यामागचा छोटा शब्द अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या असतात: लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक इनटू म्हणजे चौकशी करणे. मुली त्या पाठ करतात आणि प्रसंग समोर आला की सगळ्या एकमेकींत मिसळतात. या याद्यांवर माझा मनापासून राग आहे. त्या छोट्या शब्दाला स्वतःचा अर्थच नाही, अशी समजूत त्या करून देतात. अर्थ आहे, आणि तो इतर क्रियापदांबरोबरही तसाच वागतो. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकणं; ‘थ्रो ॲट हिम’ म्हणजे नेम धरून मारणं. ‘ॲट’मध्ये नेम आहे, तोच ‘लुक ॲट’मध्ये. ‘फॉर’मध्ये हवं असलेलं पण अजून हाती न आलेलं काहीतरी आहे: आस्क फॉर, वेट फॉर, लुक फॉर. ‘आफ्टर’मध्ये मागोमाग जाणं आहे. रन आफ्टर म्हणजे पाठलाग, आस्क आफ्टर म्हणजे कुणाची खुशाली विचारणं, आणि लुक आफ्टर म्हणजे ज्याच्या मागे आपली नजर सतत असते त्याला सांभाळणं.

वर्गात मी सर्वांत जास्त वेळ देते तो ‘वॉच’ आणि ‘वॉच फॉर’ला. रात्रपाळीवाल्या मुलीच्या हाती वॉर्ड सोपवताना ‘वॉच द ड्रिप’ म्हटलं तर सलाईनकडे लक्ष ठेव, बाटली संपतेय का बघ. ‘वॉच फॉर स्वेलिंग’ म्हटलं तर सूज अजून आलेलीच नाही. सुई लावली आहे तिथली कातडी ताणल्यासारखी दिसते का, हाताला गार लागते का, पेशंट तिथे दुखतंय म्हणतो का, हे मधूनमधून जाऊन तपासायचं आहे. ‘फॉर’ काढून टाकला तर सूज आलेली आहे आणि ती कशी वाढते एवढंच बघायचं, असा अर्थ होतो. एवढ्याशा शब्दाने कामच बदललं! सोलापूरकडची एक मुलगी हे ऐकून म्हणाली, “मॅडम, म्हणजे फॉर आला की आधी सावध व्हायचं.” वॉर्डातल्या वॉचपुरतं तरी याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

आणि हे आपल्याला नवीन कुठे आहे? ‘जेवणाचं मी बघते’ म्हणजे सी टू. ‘पोरांकडे कोण बघतं?’ म्हणजे लुक आफ्टर. ‘तो सारखा तिच्याकडे बघतो’ म्हणजे लुक ॲट. ‘मुलीसाठी स्थळ बघतोय’ म्हणजे लुक फॉर. ‘चं’, ‘कडे’, ‘साठी’ यांनी तेच काम केलंय, जरा सैलपणे. फक्त एका ठिकाणी आपली नजर उलटी आहे: इंग्रज डॉक्टरला ‘सी’ करतो, आपण डॉक्टरांना दाखवतो. त्यामुळे ‘हॅव यू सीन अ डॉक्टर?’ ऐकल्यावर नवख्या मुलीला क्षणभर कळतच नाही की काय विचारलं.

संस्कृतने तर हा खेळ फार पूर्वीच खेळलाय, फक्त छोटा शब्द पुढे लावून. ईक्ष् म्हणजे बघणे. परि लागला की परीक्षा, सगळ्या बाजूंनी बघणं. प्रति लागला की प्रतीक्षा, आणि आपणही वाटच पाहतो. उप लागला की उपेक्षा, अप लागला की अपेक्षा. इंग्रजीतला ‘एक्स्पेक्ट’ लॅटिनमधून आला, त्याचाही मूळ अर्थ बाहेर बघणं! हे फळ्यावर लिहिलं की मुली वहीत उतरवून घेतात, परीक्षेला लागत नाही हे माहीत असूनही. मला त्याचा फार आनंद होतो.

इंग्रजीतही तो शब्द कधी पुढे येतो. ‘ओव्हरसी’ म्हणजे वर राहून देखरेख करणं. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजर वरून निघून जाणं, नजरचूक. शिवाय समुद्रावर उघडणाऱ्या खोलीलाही ओव्हरलुकच.

व्याकरणाचा नियम म्हणून मी एकच पक्का करून घेते. लुक इट अप चालतं, लुक इट ओव्हर चालतं. लुक हिम आफ्टर आणि लुक इट ॲट कधीच चालत नाही. ‘ॲट’, ‘आफ्टर’, ‘फॉर’, ‘इनटू’ आपल्या नामाला चिकटून राहतात, ‘अप’ला ती सक्ती नाही.

‘थ्रू’ मात्र दोन्हीकडे येतो आणि जागा बदलली की अर्थ पार फिरतो. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचं ढोंग मी ओळखलं. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे तो बरा होईपर्यंत, त्यातून बाहेर पडेपर्यंत मी त्याच्याबरोबर होते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या पेशंटला ‘वी विल सी यू थ्रू धिस’ म्हणायचं असतं, आणि तिथे ‘यू’ची जागा चुकून चालत नाही. म्हणून हे वाक्य मी प्रत्येकीकडून मोठ्याने म्हणवून घेते.