गाडीच्या पोटाखालचे काम : आमची वाटचाल

जुन्या मोटारगाड्यांच्या खालच्या अंगावरची तेलकट मळी काढणे ही आज आमच्या व्यवसायाची एक शाखा आहे, पण सुरुवात वेगळ्या कामाने झाली. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या वडिलांनी उभा केलेला छोटा कारखाना एकाच कामासाठी होता : धातूवरचे तेल काढणे. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक आमच्या चारही बाजूंना होते. त्यांच्या लेथवरून उतरलेले बुश, पिना आणि गिअर कटिंग ऑइलने माखलेले असत, आणि त्यांवर मुलामा किंवा रंग चढवण्यापूर्वी तेलाचा अंशही उरून चालत नसे. त्या काळी हे काम ट्रायक्लोरोइथिलीनच्या टाकीत होई. टाकीच्या तळाशी तो द्रव 87 अंश सेल्सिअसला उकळतो, त्याची जड वाफ वर थर धरून राहते, आणि थंड भाग त्या थरात सोडला की वाफ त्याच्यावरच गार होऊन, तेल विरघळवत खाली ठिबकते. भाग वाफेइतका तापला की ठिबकणे थांबते आणि तो कोरडा होऊन बाहेर येतो. पद्धत अतिशय देखणी होती; मात्र 2012 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रावक माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि आम्ही टाकी कायमची बंद करून गरम पाण्यातल्या धुलाईकडे वळलो.

जुन्या गाड्यांचे काम त्यानंतर आले. आमचे एक जुने ग्राहक स्वतः मशिन शॉप चालवतात. त्यांनी 1960च्या दशकातली एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिच्या खालच्या अंगावर बोटभर जाडीचा काळा थर होता. गाडी रॅम्पवर चढवून फवाऱ्याने धुवायला त्यांचे मन तयार नव्हते. तेल काढणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनीच हे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि आम्ही तो मानला. त्या कामातून जे कळले त्यावर आमच्या व्यवसायाची आजची शाखा उभी आहे. ते असे की, गाडीच्या पोटाखालची मळी काढण्याआधी ती वाचावी लागते.

ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. वर्षानुवर्षांत त्यातले तेल पाझरून जाते आणि उरलेल्या साबणात रस्त्याची धूळ बसून कडक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा कोठे आहे, ओला आहे की कोरडा, कोठून कोठे पसरला आहे, यावरून गळती कोठली आणि किती जुनी हे समजते. एमजीबीच्या 1964पर्यंतच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, तीन बेअरिंगवर टेकलेला असे, आणि त्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारे आजच्यासारखे ऑइल सील नव्हते. तेल परत आत ढकलणाऱ्या आट्यांच्या खाचेवर काम भागत असे. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे थोडा ओलावा असणे हे त्या गाडीचे मूळ लक्षण आहे, बिघाड नव्हे. तोच ओलावा पाच बेअरिंगच्या नंतरच्या इंजिनावर दिसला तर मात्र आम्ही मालकांना सील तपासायला सांगतो. सगळे आधीच धुऊन टाकले तर हा फरक दाखवायला काही उरत नाही.

हेच तेल गाडी वाचवतेही. वाऱ्याबरोबर मागे उडालेल्या तेलाखालचा पत्रा अनेकदा नव्यासारखा निघतो, आणि जिथे तेल पोहोचले नाही तिथे, म्हणजे चाकांच्या कमानींत आणि दरवाजांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांत (सिलमध्ये), गंज आतून पोखरत असतो. एमजीबीला वेगळी चॅसिस, म्हणजे गाडीचा भार पेलणारा खालचा सांगाडा, नाही. दरवाजांखालून पुढून मागे जाणारे हे पोकळ पट्टेच गाडीचा भार पेलतात. त्यांच्या तळाची निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजली की पावसाचे पाणी आत साठते. म्हणून आमचे कारागीर पहिले हत्यार म्हणून मऊ तार हातात घेतात आणि ती छिद्रे मोकळी करतात. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत या छिद्रांतून बरेचदा लाल पूडच खाली पडते, कारण खाऱ्या हवेने आतले काम आधीच केलेले असते.

प्रत्येक गाडीची मागणी वेगळी असते. 1945 ते 1949 या काळात बनलेल्या एमजी टीसीला शिडीसारखी पोलादी चॅसिस आहे, पण वरच्या शरीराचा सांगाडा ॲश लाकडाचा आहे; तिथे दाबाचे पाणी गेले तर लाकूड फुगते आणि सांधे सुटतात, म्हणून त्या गाडीचे सगळे काम कोरडे किंवा फडक्याने होते. 1961 साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून आत, डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला, लागून आहेत. डिफरन्शियलचे सील गळले की तेल थेट डिस्कवर जाते. तिथली सफाई हा दिखाव्याचा भाग नसून गाडी थांबण्या-न थांबण्याचा प्रश्न आहे, आणि अरुंद जागेमुळे ते आमच्याकडचे सर्वांत वेळखाऊ काम आहे.

आमचा क्रम ठरलेला आहे. आधी छायाचित्रे, मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कोरडे खरवडणे. निम्म्याहून अधिक मळी याच टप्प्यावर, एक थेंबही द्रावक न वापरता, खालच्या ट्रेमध्ये जमा होते. त्यानंतर मिनरल टर्पेंटाइन ब्रशने लावून मुरू देतो, पितळी ब्रशने सोडवतो आणि कॉटन वेस्टने टिपतो. शेवटी सौम्य साबणाचे कोमट पाणी, आणि तेही जपून, कारण जोराचे पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये व इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांत शिरते. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथे कॉम्प्रेसरची हवा मारायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. ती धूळ ओल्या फडक्यानेच टिपली जाते.

बाजारात सर्रास चालणाऱ्या दोन गोष्टी आम्ही करत नाही. कॉस्टिक सोड्याने वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य चरबीचा साबण होतो, पण खनिज तेलाचा होत नाही. उलट ॲल्युमिनियमचे भाग मात्र तो खातो, आणि एमजीबीसारख्या गाड्यांतले कार्बोरेटर व लिव्हर आर्म शॉक ॲब्झॉर्बर ॲल्युमिनियमचे असतात. दुसरी गोष्ट रॉकेल. साधारण 38 अंशांच्या आसपास त्यातून पेट घेण्याजोगी वाफ सुटू लागते आणि पुण्याचा एप्रिल-मेमधला पारा तिथे सहज पोहोचतो. शिवाय रबराचे बुश त्याने फुगतात. माणूस पिटमध्ये उतरवून रॉकेलने गाडी धुणे मला कोणत्याही दराने मान्य नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही कोरड्या बर्फाचे यंत्र घेतले. उणे 78.5 अंशांचे कार्बन डायऑक्साइडचे दाणे हवेच्या झोताने आदळले की ग्रीस आकसून ठिसूळ होते आणि सुटून पडते. दाण्यांचा वायू होतो, त्यामुळे वाळू किंवा पाणी मागे उरत नाही. मळीखाली, मूळ रंगावर, कारखान्यातल्या तपासनिसांनी खडूने किंवा रंगाने केलेल्या खुणा कधी कधी सापडतात, आणि त्या जपण्यासाठी झोत किती कमी करावा हे हाताला कळायला वेळ लागतो. या यंत्राने गंज निघत नाही, हे आम्ही मालकांना आधीच सांगतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो खड्ड्यात साचून माणूस गुदमरू शकतो; म्हणून हे काम फक्त लिफ्टवर आणि शटर पूर्ण उघडे ठेवूनच होते.

निघालेल्या मळीचे काय होते, हा प्रश्न ग्राहक क्वचित विचारतात, पण आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. 2016च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल आणि तेलकट चिंध्या गटारात किंवा साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. धुण्याचे पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून जाते, तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे आणि गाळ घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे जातो. याचा खर्च आमच्या दरात धरलेला असतो आणि त्यात सवलत मिळत नाही.

2021च्या मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनंतर कामाचे स्वरूप थोडे बदलले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या आणि चॅसिस, शरीर किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना आता व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. त्यामुळे पोटाखालचा मूळ पत्रा, मूळ वेल्डिंग आणि चॅसिसचा क्रमांक शाबूत असल्याचे दाखवणारी आमची छायाचित्रे मालकांना उपयोगी पडू लागली. काही मालक स्वच्छतेनंतर सगळ्या पोटावर जाड डांबरी लेप मारून मागतात. आम्ही तो देत नाही, कारण त्याला तडा गेला की पाणी आत अडकते आणि गंज दिसतही नाही. त्याऐवजी पोकळ भागांत मेणयुक्त तेलाचा फवारा आणि बाहेरून पारदर्शक मेणाचा पातळ थर देतो, म्हणजे पुढच्या वर्षी खाली वाकून पाहणाऱ्याला पत्रा दिसेल.

पावसाळ्यात कोरड्या बर्फाचे काम बंद असते, कारण गार पडलेल्या पत्र्यावर दमट हवेतले पाणी लगेच साचते आणि उघड्या धातूवर गंज धरतो. म्हणून गाड्या दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंत घेतो आणि जून ते सप्टेंबर कारखान्यात पुन्हा बुश, पिना आणि गिअर धुतले जातात.