ईशान्येचा खांब अखेर उपटला

निलगिरीच्या आठ खांबांवर घर बांधतोय, त्यातला ईशान्य कोपऱ्याचा खांब उपटलाच शेवटी. पहिल्या जोरदार सरींनंतर ओळंबा लावला तेव्हा नऊ फुटांवर दोरी दीड इंच बाहेर होती. टेकू देऊन सरळ केला, परत पाऊस झाला, परत तेच. आणि या वेळी खांब वरही आला होता. पाण्याची नळी लावून शेजारच्या खांबाशी ताडून पाहिलं, तर खूण चांगली बोटभर वर. बाकीचे सातही जागच्या जागी. सासूबाई म्हणाल्या, ईशान्येला नीट पूजा करा म्हटलं होतं. नवऱ्याने काही न बोलता चेन पुली काढली.

खांब निघाल्यावर खड्ड्याच्या भिंतीत सगळा इतिहास दिसला. कौलांचे तुकडे, बांगडीची काच आणि तळापर्यंत चिकट काळी माती. कधीकाळचा ओहोळ बुजवून शेत सपाट केलेलं असणार. उन्हाळ्यात खड्डे मारायला आलेल्याने "मुरूम लागला" म्हणून सांगितलं होतं. त्याचंही नवल नाही, मे महिन्यातली वाळलेली काळी माती पहारीला मुरमासारखीच खणखणते. पण पैसे मात्र त्याने मुरमाच्या दराने घेतले.

मातीची परीक्षा घरीच केली. वाळवून वस्त्रगाळ केलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅम 100 मिलीच्या दोन मोजपात्रांत टाकले, एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. (रॉकेल मिळवणं हा या घरातला सर्वांत अवघड प्रकल्प ठरला.) दुसऱ्या दिवशी रॉकेलात माती 10 च्या रेघेवर, पाण्यात 18 वर. म्हणजे 80 टक्के फुगवटा. रॉकेलात ती फुगत नाही, म्हणून तो आकडा पाया धरायचा. अशी माती ओली झाली की खांबाला कडेने आवळते आणि फुगताना सोबत वर घेऊन जाते. छपराचं वजन अजून नाही, तेव्हा खाली दाबून धरणारंही कोणी नाही.

पुस्तकी उपाय ठाऊक आहे. काळ्या मातीत ओल साधारण साडेतीन मीटरपर्यंत ऋतूप्रमाणे कमीजास्त होते असं धरून त्याखाली फुगीर बुडाचे पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घालायचे, रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवले तसे. एका खांबासाठी ते मशीन दिंडोरीकडे आणणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आम्ही हातानेच खणत गेलो. आठ फुटांवर खरा मुरूम लागला, पिवळट, टिकाव परतवणारा. पण खांब चौदा फुटांचा. आठ फूट जमिनीत घातला तर वर फक्त सहा उरतात. त्याखाली कोंबड्या ठेवता येतील.

मग सुचलं ते गावातलंच. नाशिकच्या सरकारवाड्याचे सागवानी खांब कुठे रोवलेले आहेत? वाड्यांचे खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या घडीव दगडावर, उभे असतात. तेव्हा मुरमापासून जमिनीच्या वर दीड फुटापर्यंत डबराचा पाया चढवायचा आणि त्यावर तळखडा. पायाच्या बाजू गुळगुळीत ठेवून भोवती प्लास्टिकच्या कागदाचे दोन थर, म्हणजे माती फुगली तरी घसरून वर जाईल, पायाला धरणार नाही. 20 मिमीचा गज तळखड्याच्या भोकातून खांबाच्या बुडात. गजाच्या खालच्या टोकाला पट्टी वेल्ड करून ती बांधकामात गाडली आणि वर खांबातून आडवा बोल्ट घेणार, नाहीतर वादळात कोपऱ्याचं छप्पर वर उचललं जाईल.

तळखडा जुन्या लाकडाच्या वखारीत मिळाला. एका कडेचा टवका उडालेला म्हणून परवडला. धड असलेले सगळे फार्महाउसवाले शोभेला उचलतात आणि वर कुंडी ठेवतात. पाथरवटाकडून भोक पाडून घेतलं.

खांबाचं बूड कापताना एक लक्षात ठेवा. आमची निलगिरी सीसीए केलेली आहे, म्हणजे कीड आणि कुज लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध भरलेली. मास्क लावून कापा, भुसा गोळा करा आणि तुकडा चुलीत अजिबात घालू नका. कापल्यावर आतला गाभा उघडा पडतो, तिथे औषध मुळात पोचलेलंच नसतं. त्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा पाजलं. जमिनीत ते धुऊन गेलं असतं, दगडावर छपराखाली टिकेल. बुडाला डांबर फासायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी नाही फासणार, आतली ओल आतच कोंडते.

पण खरी भानगड पुढे आहे. रोवलेला खांब स्वतःच्या बळावर डोलणं थांबवतो, तळखड्यावरचा नुसतं वजन पेलतो. नवऱ्याचं म्हणणं, सात रोवलेले आहेत ना, ते धरून ठेवतील. माझं म्हणणं, हा कोपरा आहे, वारा लागला की घर तिथूनच पिळणार. वाद ऐकत बांधावर उभे असलेले द्राक्षवाले अण्णा म्हणाले, "ताई, बागेचा कोपऱ्याचा खांब कधी नुसता रोवून उभा राहतो का? त्याला ताण लागतो."

आणि त्यांनी मोडलेल्या बागेची जाड तार आणि तार ओढायचं यंत्र आणून दिलं. कोपऱ्याला लागून असलेल्या दोन्ही गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, फुली मारून तार ओढली. तार फक्त ओढ घेते, दाब घेत नाही, म्हणून फुलीच हवी. वर लटकून हलवून पाहिलं. आधी तुळई कुरकुरत डुलायची, आता ढिम्म. ओळंबा दोन्ही बाजूंनी रेषेवर! त्या संध्याकाळी आम्ही उगीचच दोनदा तपासला.

तार तात्पुरती. लाकूड वाळून आकसलं की ती सैल पडणार, तेव्हा कायमचा 12 मिमीचा गज आणि टर्नबकल (फिरवून ताण वाढवायची आट्यांची जोडणी) लावायचे. बोल्ट, वॉशर हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) घ्या. चकचकीत मुलाम्याचे घेतलेल्यांचे हाल आम्ही पाहिलेत, आणि सीसीएतलं तांबं साध्या लोखंडाला लवकर खातं. नाशिकच्या सातपूरला वजनावर मिळतात, फक्त आटे तिथेच फिरवून बघा.

हे लिहितानाच ठरतंय: पडवीचे चार खांब अजून आडवेच आहेत, ते आता रोवायचेच नाहीत. चारही तळखड्यावर. म्हणजे त्यांना सीसीएचा खर्च नको, बोरॅक्स पुरेल आणि वाळवी चढली तर दगडावर तिची मातीची नळी लगेच दिसेल. नवरा म्हणतोय, मग पडवीलाही फुल्या? पडवीत फुली मारली तर आत कुठून जायचं? तिथे खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू द्यावे लागतील. म्हणजे आणखी खाचा. पहिल्या खाचेत पत्त्याचं पानही शिरत नव्हतं, तेव्हा पटाशीचं काम आता माझ्याकडेच.

एक अडलंय. फुलीचा गज गोल खांबातून तिरपा बाहेर पडतो, तिथे सपाट वॉशर एका कडेवरच टेकतो आणि लाकडात रुततो. पाचरीसारखा वॉशर ओतून घ्यायचा की खांबालाच सपाट खाच मारायची? ज्यांनी केलंय त्यांनी मापासकट सांगा.